सहाव्या वर्षाची वाट कशासाठी?

कर्जत म्हटले की मुंबईकराला लोकलचे स्थानक आठवते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत ते नव्हे. संत गोदड महाराजांचे हे गाव अवर्षणाच्या छायेत वसले आहे. येथे लोकल नाही, एस.टी. आहे, जिल्ह्याचे ठिकाण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, तर पुणे त्याहूनही दूर. या अंतराचा खरा अर्थ काही मोजक्या घरांनाच ठाऊक असतो. ज्या घरातील तीन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, गाडीचे चाक तासन्‌तास फिरवत बसते आणि कुकरच्या शिटीने कासावीस होते, ती ही घरे. 'मुलाला स्वमग्नता आहे, योग्य शाळा शोधा,' एवढे सांगून शहरातील डॉक्टर मोकळे होतात. शाळा शोधायची कोठे, हा प्रश्न घेऊन आईबाप परतीच्या एस.टी.त बसतात.

मुळात डॉक्टरांपर्यंत पोहोचायलाच उशीर झालेला असतो. 'याचा बापही उशिराच बोलला होता,' असे घरातील वडीलधारी माणसे मायेने सांगतात. नवस होतात, गंडेदोरे होतात आणि दोन वर्षे निघून जातात. मग बोट वळते ते आईकडे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींवरून या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे पाश्चात्य तज्ज्ञांनीही आईच्या कोरडेपणालाच दोष दिला. शास्त्राने तो आरोप केव्हाच टाकून दिला आहे. आपल्या ओसरीवर मात्र तो अजून ठाण मांडून बसला आहे. स्वमग्नता हा संस्कारातील उणेपणा नव्हे आणि पूर्वकर्माचे फळही नव्हे. मेंदूची जडणघडणच निराळी असल्याने ही मुले जग निराळ्या रीतीने अनुभवतात. त्यांना शिकता येते. मात्र शिकवण्याची रीत निराळी लागते आणि ती जितक्या लहान वयात मिळेल तितका लाभ अधिक.

कायदा आहे, पण...

कायद्याने या मुलांची दखल घेण्यास बराच काळ लावला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम नाव दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी २१ वर नेली, तीत स्वमग्नता आली. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास परिसरातील शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क या कायद्याने दिला.

परंतु हा हक्क सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंतचा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. मुलाची निकड सुरू होते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. संवादाचा, सवयींचा आणि सोबतीचा पाया ज्या चार वर्षांत घालायचा, नेमकी तीच वर्षे हक्काच्या चौकटीबाहेर राहतात. पैसेवाले पुण्यात भाड्याची खोली घेतात. आई मुलाला घेऊन तिकडे, बाप शेतीपाशी इकडे. एका मुलाच्या शाळेसाठी एक संसार दोन ठिकाणी विभागला जातो. ज्यांना हेही शक्य नाही, त्यांचे मूल घरातच वाढते. या पट्ट्यातील ऊसतोड कुटुंबांची स्थिती तर अधिकच बिकट. ज्या मुलाला ताटाची जागा बदललेली सहन होत नाही, त्याचे घरच हंगामासाठी कोपीवर हलते.

मग योग्य शाळा कोणती? उत्तर पुण्यात शोधण्याआधी आपल्याच वाडीवस्तीवर शोधले पाहिजे. १९७५ पासून चालत आलेली अंगणवाडी ही या मुलाची पहिली शाळा होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणे अपेक्षित आहे आणि त्याच्या तपासणीत स्वमग्नतेचाही समावेश आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीच जाहीर केली: लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला इतरांसोबत सामावून घेणे, पुढील उपचारांकडे पाठवणे. कागद तयार आहे. त्यात प्राण फुंकायचे आहेत.

'अंगणवाडीच्या ताईंना हे कसे जमणार?' अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर शेजारच्याच तालुक्यात आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले तेव्हा गावोगावी डॉक्टर मिळणे अशक्य होते. त्यांनी खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले आणि जगभरचे लोक ते पाहायला आले. रजःकणाचे मोल ओळखणारा गुरू भेटला की काय घडते, हे या मातीने पाहिले आहे. उच्च शिक्षणाचेही तेच. कर्जतच्या मुलांनी पुण्याला जावे, असे म्हणून रयत शिक्षण संस्था थांबली असती तर कर्जतला महाविद्यालय उभे राहिलेच नसते. विद्या गावात आली म्हणून शेतकऱ्यांची मुले शिकली. तोच न्याय या लेकरांना का नको?

पटावरचे नाव आणि वर्गातील जागा

अंगणवाडीनंतर प्राथमिक शाळा. तेथे प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले, असे होत नाही. मूल पटावर असते आणि दिवसभर मागच्या भिंतीशी बसून असते, याला समावेशन म्हणता येणार नाही. म्हणून पालकांनी शाळेची इमारत न पाहता काही साध्या गोष्टी पाहाव्यात. दिवसाचा क्रम मुलाला चित्रांतून सांगितला जातो का? बोलता न येणाऱ्याला चित्र दाखवून मागण्याची मुभा आहे का? गोंगाट असह्य झाला तर टेकायला एखादा शांत कोपरा आहे का? मूल हात हलवू लागले की ओरडा बसतो, की कारण शोधले जाते? आईला वर्गात येऊन बसू देतात का? आणि जो कोणी 'सहा महिन्यांत पूर्ण बरे करतो' असे सांगेल, त्याच्या दारातून परत फिरावे.

सर्वच मुलांचे साध्या शाळेत भागेल, असा भाबडा दावा करण्याचे कारण नाही. काहींना विशेष शाळाच लागेल. पुण्यातील 'कामायनी'सारख्या संस्थांनी मतिमंद मुलांसाठी १९६४ पासून केलेले काम महाराष्ट्राला भूषणावह आहे. पण अशा संस्था तालुक्या-तालुक्यात उभ्या राहण्यास काळ लागेल आणि मुलाचे वय तोवर थांबणार नाही. तेव्हा आज हाताशी काय आहे, ते पाहावे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण ठरवले. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रत्येक केंद्रासाठी एक, याप्रमाणे ४८६० विशेष शिक्षकांची पदे मान्य केली. हे पाऊल स्वागतार्ह. मात्र एका केंद्रात अनेक शाळा असतात आणि एकटा शिक्षक रोज सगळीकडे पोहोचू शकत नाही. म्हणून त्याने स्वतः मुलाला शिकवण्याइतकेच वर्गावरील गुरुजींना आणि बाईंना शिकवणे महत्त्वाचे ठरते.

उरलेले काम समाजाचे आहे. शाळा व्यवस्थापन समितीने अशा एका मुलाच्या आईला सदस्य करून घ्यावे. गावातील शिकलेल्या मुलींना स्वमग्नतेच्या विशेष शिक्षणाची पदविका घेण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. जत्रेच्या मंडपावरील खर्चातील थोडा वाटाही त्याला पुरेल. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या मारणाऱ्या आईसोबत एखाद्या तरुणाने जावे. बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशी आपली म्हणच आहे. ही मुले स्वतःसाठी बोलू शकत नाहीत. त्यांच्या वतीने गावाने बोलले पाहिजे. शाळा शोधण्याचे ओझे एका आईच्या डोक्यावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही, आणि ते उचलण्यासाठी मूल सहा वर्षांचे होण्याची वाटही पाहता येणार नाही.