शाहिराचे मानधन आधी द्या!

वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आपल्या आयाबायांना बाबासाहेब कळले ते अशाच गाण्यांतून. सामना रात्रभर रंगतो, अख्खी वस्ती कोरस उचलते, तेव्हा गाणाऱ्याला होणारा आनंद पैशात मोजता येत नाही. पण हेच कारण सांगून आपण त्याचा मोबदला बुडवतो!

14 एप्रिलच्या डीजेला आपण आगाऊ रक्कम देतो. गायन पार्टीला मात्र ऐकवतो, "समाजाचं काम आहे, दादा, समजून घ्या." ढोलकीवाल्याचा बुडालेला रोज, गायिकेचा बसलेला घसा, पहाटेचा परतीचा प्रवास कोणी मोजायचा?

गावकीची कामे फुकटात करून घेणाऱ्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. त्यांच्याच जयंतीत आपण आपल्याच कलावंतांना फुकट राबवायचे, ही कोणती चळवळ?

म्हणून जयंती मंडळांतल्या तरुणांना आमचे सांगणे आहे: मानधन आधी ठरवा, लेखी ठरवा, निम्मे आगाऊ द्या. वर्गणीच्या हिशेबात पहिली ओळ गायन पार्टीची असू द्या. डीजेचे नंतर बघू.

जयभीम!