मजकूर आपला, किल्ली कोणाची?

वर्ड-एक्सेलचा मुक्त पर्याय असलेल्या लिब्रेऑफिसचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, ‘फुकट मिळतं तेच ना?’ समर्थकही तिथेच अडकतात आणि परवान्याचे किती रुपये वाचतील याचा हिशेब मांडत बसतात. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या कचेऱ्यांत हा हिशेब टिकत नाही, कारण तिथे वर्ड-एक्सेलची चोरीची प्रत आधीच फुकटात चालू असते. म्हणून पैशांचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. आज टाइप केलेला सोसायटीचा ठराव, संस्थेचं इतिवृत्त किंवा पुस्तकाची मुद्रणप्रत वीस वर्षांनी उघडायची झाली, तर ती उघडणं कोणाच्या हातात असेल, हा खरा प्रश्न आहे.

मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागू नये, कारण त्याची किंमत आपण मोजलेली आहे. युनिकोड ही सामायिक संकेतपद्धती रुळण्याआधी फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. ती ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरं असतात. तो फॉन्ट असेपर्यंत पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, नसला की ती पाच अक्षरं उघडी पडतात. श्रीलिपीत जुळवलेला मजकूर कृतिदेव लावून वाचता येत नाही, आणि अशा फाइलींच्या ढिगात मराठी शब्द टाइप करून शोधायला जावं तर काहीच सापडत नाही. मजकूर लेखकाचा आणि किल्ली विक्रेत्याची, अशी ती अवस्था होती. युनिकोडमुळे ती पालटली, कारण त्याची मांडणी जाहीर आहे आणि ती वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. अक्षरांबाबत जे आपल्याला पटलं, ते अख्ख्या फाइलीबाबत का पटू नये?

लिब्रेऑफिसच्या ओडीटी फाइलीच्या नावातलं शेवटचं ‘ओडीटी’ खोडून तिथे ‘झिप’ लिहावं आणि ती उलगडावी. आत ‘कंटेंट’ नावाची एक्सएमएल फाइल असते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली, की खुणांच्या गर्दीत आपली वाक्यं स्वच्छ देवनागरीत दिसतात. यावर जाणकार म्हणतील, वर्डची नवी फाइलही अशीच उलगडते आणि २००८ साली तिलाही आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, मग फरक काय राहिला? आक्षेप रास्त आहे. पण ओडीटी ज्याचा भाग आहे ते ओडीएफ २००६ साली मानक झालं तेव्हा ते सुमारे ७०० पानांत मावत होतं, तर मायक्रोसॉफ्टचा मसुदा ६,००० पानांच्या घरात होता आणि त्यात ‘वर्ड ९५ प्रमाणे अंतर सोडा’ अशा अर्थाच्या सूचना होत्या. वर्ड ९५ कसं अंतर सोडतं, हे कंपनीबाहेरच्या माणसाने कुठून जाणावं? भारतीय मानक ब्यूरोने त्या मसुद्याच्या विरोधात मत दिलं होतं, आणि ते योग्यच होतं.

‘इकडची फाइल तिकडे उघडली की मांडणी विस्कटते’ ही तक्रार खरी आहे. पुष्कळदा दोष फॉन्टचा असतो: दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसतो, त्याची जागा वेगळ्या रुंदीचा फॉन्ट घेतो आणि ओळी सरकतात. मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’सारखा फॉन्ट दोन्हीकडे बसवला आणि अंतिम प्रत पीडीएफमध्ये पाठवली, तर हा त्रास बराचसा मिटतो. एक्सेलच्या मॅक्रोंवर उभे असलेले हिशेब मात्र सहजी हलत नाहीत, हे मी मान्य करतो. ते काम करणारा संगणक आहे तसा राहू द्यावा. त्याच्यासाठी बाकीचे दहा अडवून ठेवण्याचं कारण नाही.

विरोधकांचा हुकमी एक्का म्हणजे जर्मनीतलं म्युनिक. २००३ साली लिनक्सकडे वळायचं ठरवून त्या शहराने सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ साली विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. हे अपयश झाकून चालणार नाही. पण त्याच जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य २०२४ पासून आपले सुमारे ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर नेऊ लागलं, आणि फ्रान्सचं जांदार्मरी हे पोलीस दल २००५ पासून मुक्त सॉफ्टवेअरच्या वाटेवर टिकून आहे. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरकडे वळलेल्या केरळच्या सरकारी शाळा. तिथे शिक्षकांना मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षण दिलं गेलं, आणि म्हणून तो बदल रुजला. बदल फसतो तो बहुधा माणसांची तयारी न करता नुसते प्रोग्राम बदलल्यामुळे.

या खुलेपणात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट शुद्धलेखन तपासण्याची. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स दोन्हींत ते काम हन्स्पेल नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते मुळात हंगेरियनसाठी लिहिलं गेलं, पण खुलं असल्यामुळे मराठीच्याही कामी आलं. त्याचा शब्दकोश म्हणजे दोन साध्या मजकुराच्या फाइली: एकीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. ‘घर’ एकदा लिहून त्याला नियम जोडला की घराला, घरात, घराचा ही रूपं ओळखली जातात. एखादा मालवणी किंवा वऱ्हाडी शब्द चुकीचा म्हणून लाल रेघेखाली येत असेल, तर मराठीचा कोणीही शिक्षक ती फाइल उघडून तो शब्द त्यात घालू शकतो आणि ती इतरांना वाटू शकतो.