थेट प्रवेशाचा किनारा अजून दूरच

क्रीडा प्रतिनिधी

ऑलिम्पिकमध्ये सहभागी होणे आणि ऑलिम्पिकचा थेट प्रवेश मिळविणे यांत मोठे अंतर आहे. नौकानयनात भारताला हे अंतर अद्याप कापता आलेले नाही. २०१२ ते २०२४ या काळातील चारही ऑलिम्पिकमध्ये भारतीय नौका पाण्यात उतरल्या. परंतु त्यांतील प्रत्येक नौका आशियाई विभागाच्या पात्रता स्पर्धेतून, म्हणजे दुसऱ्या दाराने आत गेली.

पहिले दार आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत उघडते. पॅरिस ऑलिम्पिकसाठी ही स्पर्धा सप्टेंबर २०२३ मध्ये बेलग्रेड येथे झाली. पुरुषांच्या एकेरीत पहिल्या नऊ, चौघांच्या शर्यतींत पहिल्या सात, तर आठ जणांच्या शर्यतीत पहिल्या पाच नौकांना थेट प्रवेश मिळाला. ही जागा खेळाडूची नसून देशाची असते. नौकेत कोणाला बसवायचे, हे देश नंतर ठरवू शकतो. त्यानंतर खंडनिहाय पात्रता स्पर्धा होते आणि अखेरीस ल्युसर्नच्या स्पर्धेत प्रत्येक प्रकारात अवघ्या दोन जागा उरतात.

खंडनिहाय स्पर्धेत त्या प्रकारात आधीच पात्र ठरलेले देश नसतात. त्यामुळे तेथे आव्हान तुलनेने सोपे असते. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे दुसरा क्रमांक पटकावून रिओ गाठले आणि तेथे तेरावे स्थान मिळविले. लष्करातीलच बलराज पनवार चुंगजूतच तिसरा येऊन पॅरिसला गेला. तेथे तो तेविसावा ठरला.

खरी मेख पुढेच आहे. पॅरिससाठी हे दुसरे दार केवळ एकेरी आणि कमी वजन गटाच्या दुहेरीलाच खुले होते. भारताचे आशियातील बळ मात्र मोठ्या नौकांत दिसून आले आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्स प्रकारात भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या नौकेत दत्तूही होता. हांगझोऊच्या स्पर्धेत भारताच्या पाच पदकांपैकी आठ जणांच्या नौकेचे रौप्य आणि चौघांच्या दोन नौकांची कांस्यपदके होती. या प्रकारांना आशियाई पात्रतेची वाटच नव्हती. त्यांच्यापुढे बेलग्रेड किंवा ल्युसर्न एवढेच पर्याय होते आणि पॅरिसला भारताची एकच नौका गेली.

त्या वेळी वेळापत्रकही आड आले. बेलग्रेडची स्पर्धा १० सप्टेंबरला संपली आणि हांगझोऊतील शर्यती २० सप्टेंबरला सुरू झाल्या. एकाच महिन्यात दोन्हीकडे सर्वोत्तम कामगिरी करणे कोणत्याही संघाला कठीणच. आशियाई पदकाचा सन्मान, बक्षीस आणि नोकरीतील बढती डोळ्यांसमोर असताना खेळाडूंचे आणि व्यवस्थेचे मन कोठे ओढले जाते, हे वेगळे सांगायला नको.

आता तर दुसरे दारही अरुंद झाले आहे. कमी वजन गट १९९६ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आला, तो लहान चणीच्या खेळाडूंना संधी मिळावी म्हणून. याच गटात अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी टोकियोत अकरावे स्थान मिळविले. ती भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी होय. परंतु पॅरिसनंतर हा गट रद्द झाला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्याऐवजी सागरी नौकानयनाच्या तीन शर्यती असतील. शिवाय नेहमीच्या शर्यतींचे अंतर दोन हजारांऐवजी पंधराशे मीटर राहील.

या वेळी आशियाई स्पर्धेचे वर्ष २०२६ आणि जागतिक पात्रतेचे २०२७ असल्याने वेळापत्रकाची सबब उरत नाही. आशियात पदक देणारी नौका जगात पहिल्या पाच-सातांत आणायची असेल, तर तेच खेळाडू दोन-तीन वर्षे एकत्र वल्हवत राहायला हवेत आणि युरोपातील शर्यतींचा अनुभवही त्यांना मिळायला हवा. हे न घडल्यास दर चार वर्षांनी एखादा दत्तू, एखादा बलराज एकट्याच्या बळावर पैलतीर गाठेल आणि मोठी नौका काठावरच राहील.