हिरवी खरेदी आणि उधारीची वही



सरकारने पर्यावरणाला जपणारा माल विकत घ्यावा, याला सध्या 'हिरवी खरेदी' म्हणतात. त्यावर शहरांत परिसंवाद झडतात आणि दर वेळी एकच रडगाणे ऐकू येते: लहान उद्योजक पुढे येत नाहीत, त्यांच्यात जागृती नाही, त्यांना प्रशिक्षण द्या. आम्ही विचारतो, जागृती कोणाची व्हायची राहिली आहे? विकणाऱ्याची की घेणाऱ्याची?

इथेनॉलचेच पाहा. 2013-14 साली देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल जेमतेम दीड टक्का होते. 2022-23 मध्ये ते 12 टक्क्यांवर गेले. कोणाचे प्रशिक्षण झाले होते? 2018 पासून बी-हेवी मळी आणि उसाचा रस यांच्या इथेनॉलला सरकारने वेगळे, चढे भाव जाहीर केले. 2022-23 मध्ये रसाच्या इथेनॉलला लिटरला 65 रुपये 61 पैसे होते. गिऱ्हाईक सरकारी तेल कंपन्या. भाव नक्की, उठाव नक्की. तेवढ्यावर कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. आणि 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन गाळपात, दिल्लीहून फतवा निघाला: रसापासून इथेनॉल बंद! आठवड्याभरात 17 लाख टन साखरेपुरती सूट मिळाली, पण बंधन उठले ते 2024 च्या ऑगस्टअखेर. साखर महागू नये म्हणून हा खटाटोप. समोर लोकसभेची निवडणूक होती, हे वेगळे सांगायला नको. हंगाम गेला, कर्जाचे व्याज काही थांबले नाही.

कारखाने मोठे, त्यांचे संचालक दिल्ली गाठतात. लहानाने काय करावे?

शेवगाव-पाथर्डीकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या, राहुरी-कोपरगावकडे पाचट. बराचसा माल आपण काडी लावून मोकळे होतो. तोच दळून, दाबून पांढरा कोळसा होतो, पेलेट होतात. केंद्राच्या ऊर्जा खात्याने ऑक्टोबर 2021 मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात 5 टक्के असे इंधन मिसळायला सांगितले. गिऱ्हाईक तर उभे राहिले. मग यंत्रवाला कचरतो का? त्याचा हिशेब साधा आहे. पऱ्हाट्या आणणाऱ्याला, मजुराला, ट्रॅक्टरवाल्याला रोख मोजावे लागते. बिल तीन महिने अडकले की यंत्र बंद, आणि पुढचा हंगाम सावकाराच्या दारात.

कायदे आहेत, नाहीत असे नाही. केंद्राच्या 2012 च्या धोरणाने सरकारी खरेदीत लहान उद्योगांचा वाटा ठरवला, पुढे तो 25 टक्के केला. बयाणा माफ. सर्वांत कमी भावाच्या 15 टक्क्यांच्या आत बोली असेल तर लहानालाही वाटा मिळतो. पण कोणत्या भावाने? त्याच कमी भावाने! मोठ्याच्या भावाला लहानाने उतरायचे, याला सवलत म्हणायचे. 2006 च्या कायद्यात 45 दिवसांत पैसे, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असे स्वच्छ लिहिले आहे. मागतो कोण? पुढचे टेंडर त्याच टेबलावरून सुटणार असते. उसाच्या बिलाला 14 दिवस आणि पुढे 15 टक्के व्याज, हेही लिहिलेलेच आहे. ते व्याज आपल्यापैकी किती जणांच्या खात्यावर आले, हे सांगायला आम्ही कशाला हवे?

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडत आहोत. भाव हंगामाआधी जाहीर व्हावा. करार किमान सात वर्षांचा असावा आणि सरकारने तो मध्येच मोडला तर सरकारनेच भरपाई द्यावी. उशिराचे व्याज अर्ज-तक्रारीविना आपोआप बिलात यावे. दहा-वीस टनांची खेपही वजनकाट्यावर घ्यावी. अनुदान आम्ही मागत नाही. प्रमाणपत्रे, सत्कार आणि हिरवे फलक तर मुळीच नकोत.

तालुक्यात कोणी पांढरा कोळसा किंवा पेलेट करत असेल, त्याला बैठकीला सोबत आणा. थकलेल्या बिलांच्या झेरॉक्स बरोबर असू द्या.