आधीं मतैक्य कीं आधीं शेजार?

इसवी सन १३२१ च्या एप्रिल महिन्यांत ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन संन्याशांचा वध झाला. तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसचा दिमित्री हीं त्यांचीं नांवें. त्यांच्या मरणाची हकीकत युरोपांत पुष्कळ गाजली. पण तींतील दोन गोष्टी आम्हांस त्या मरणाहूनहि अधिक बोधप्रद वाटतात. पहिली ही कीं, ह्या रोमपंथी संन्याशांस ठाण्यांत ज्या घरानें आसरा दिला, तें घर नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाचें होतें. म्हणजे ४३१ सालच्या एफेससच्या परिषदेपासून रोम ज्यांस पाखंडी म्हणत आलें, त्या पंथाचें. दुसरी ही कीं, त्यांचीं प्रेतें मिळवून सोपाऱ्यास नेणारा व तेथें मूठमाती देणारा जॉर्डन हा डोमिनिकन संघाचा होता, फ्रान्सिस्कनांचा नव्हे. ज्यानें दार उघडलें त्यानें पाहुण्यांचें तत्त्वज्ञान तपासलें नाहीं. ज्यानें माती दिली त्यानें संघाचा झगा पाहिला नाहीं.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचें कारण असें कीं, त्याच ठाण्यांत आणि त्याच्या शेजारच्या कल्याण-डोंबिवलींत आज ख्रिस्ताचें नांव घेणारे जितके पंथ एकत्र नांदतात, तितके महाराष्ट्रांत फार थोड्या ठिकाणीं नांदत असतील. मासुंदा तलावाकांठीं पोर्तुगीज काळाची आठवण सांगणारें कॅथलिकांचें सेंट जॉन मंदिर आहे. बिशप हेबर ह्यांनीं १८२५ सालीं ज्याची प्रतिष्ठा केली तें सेंट जेम्स मंदिरहि ठाण्यांतच आहे. सहाव्या शतकांतील कॉस्मस नांवाच्या प्रवाशानें ‘कल्लियाना’ येथें इराणांतून नेमलेला एक बिशप असल्याचें लिहून ठेवलें आहे. तें स्थळ म्हणजे आपलें कल्याण, असें पुष्कळ विद्वान् मानतात. त्याच कल्याणास १९८८ सालीं केरळांतून आलेल्या सीरो-मलबार कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. ह्यांत मेथॉडिस्ट, मार थोमा, ऑर्थोडॉक्स आणि चाळीच्या एखाद्या खोलींत जमणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळ्या मिळवा, म्हणजे चित्र पुरें होईल. सकाळच्या लोकलच्या एकाच डब्यांत हे सर्व एकमेकांस चिकटून उभे असतात. रविवारीं मात्र ते एकमेकांस ओळखीत नाहींत.

हें केवळ न ओळखण्यापुरतें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. गतवर्षीं ऐन पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका वृद्ध शिक्षिकाबाईंचें डोंबिवलीस देहावसान झालें. बाई प्रॉटेस्टंट, जांवई कॅथलिक. बाईंचे पाळक परगांवीं गेलेले. दफन कोठें करावें, प्रार्थना कोणीं म्हणावी, ह्याची विचारपूस सायंकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालली. कोणी कठोर बोललें नाहीं. प्रत्येकानें आपापला नियम सौम्यपणें सांगितला. अखेरीस दुसऱ्या दिवशीं दुपारीं, भर पावसांत, प्रेत दूरच्या एका दफनभूमींत नेलें. लेकीनें आम्हांस एवढेंच विचारलें, “आईनें पन्नास वर्षें सर्वांचीं मुलें शिकविलीं, तेव्हां कोणी पंथ विचारला नव्हता ना?” ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें शोधण्यासाठींच हा लेख.

पहिला पक्ष म्हणतो, “आधीं तत्त्वांचा निकाल लागूं द्या, मग सहकार्याचें पाहूं.” हा पक्ष मोठा प्रामाणिक वाटतो, पण त्यानें इतिहासाची फूटपट्टी हातीं घ्यावी. एफेससचा वाद ४३१ चा. त्याविषयीं रोमचे पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील असिरियन मंडळीचे मार दिन्खा ह्यांनीं संयुक्त घोषणेवर सह्या केल्या त्या ११ नोव्हेंबर १९९४ रोजीं. म्हणजे १५६३ वर्षांनीं! मनुष्य केवळ श्रद्धेनें नीतिमान् ठरतो कीं कसें, हा लूथरचा वाद १५१७ पासूनचा. त्यावर लूथरपंथीय व कॅथलिक ह्यांची आउग्सबुर्ग येथें समान घोषणा झाली ती ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं. हे दोन्ही समेट आम्हांस आदरणीय वाटतात. पण मतैक्य होईपर्यंत थांबा म्हणणें म्हणजे डोंबिवलींतील प्रेतास पंधराशें वर्षें थांबा म्हणणें होय. शिवाय हे समेट तरी कसे झाले? जे एकमेकांच्या घरीं जाऊं लागले होते, त्यांच्यांतच ते झाले. शेजार आधीं आला, मतैक्य मागून आलें.

“पण आमचे नियम आड येतात ना!” असें कोणी म्हणेल. नियम वाचून पाहिले तर उलटेंच दिसतें. १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ख्रैस्तैक्यावरील निर्णय प्रसिद्ध करून इतर पंथीयांस दुरावलेले बंधु म्हटलें. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेंत, बाप्तिस्मा झालेल्या अन्यपंथीयाचा स्वतःचा पाळक उपलब्ध नसल्यास त्याचा अंत्यविधि स्थानिक बिशपाच्या विचारानें करतां येतो. मृताची इच्छा उघडपणें विरुद्ध नसली म्हणजे झालें. १९९३ च्या मार्गदर्शिकेनें तर, ज्यांस स्वतःचें मंदिर नाहीं अशा अन्यपंथीयांस आपलें मंदिर वापरूं देण्याची मुभा बिशपांस दिली आहे. इकडे प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या लुंड येथील १९५२ च्या परिषदेनें प्रश्नच फिरवून विचारला: जेथें खोल मतभेदामुळें वेगळें वागणें भाग आहे तेवढें सोडून इतर सर्व बाबतींत आपण एकत्र कां वागूं नये? म्हणजे कारण सांगण्याचा भार एकत्र येणाऱ्यावर नाहीं, वेगळें राहणाऱ्यावर आहे. तेव्हां आड येतो तो नियम नव्हे; आड येते ती संवय, आणि संवयीस नियमाचा अंगरखा घालण्याची हौस.

आतां दुसरा पक्ष. तो म्हणतो, “सगळे पंथ सारखेच, भेद म्हणजे पाद्र्यांचा खेळ.” हा उदारपणा आम्हांस मान्य नाहीं. प्रभुभोजनांत ख्रिस्त कसा उपस्थित असतो, पोपाचा अधिकार कोठवर चालतो, तान्ह्या मुलास बाप्तिस्मा द्यावा कीं नाहीं, ह्या प्रश्नांसाठीं माणसें देशोधडीस लागलीं आहेत, प्राणांस मुकलीं आहेत. त्यांस क्षुल्लक म्हणणें हा त्यांचा अपमान होय. भेद मानूनहि एकत्र येतां येतें ह्याचें उदाहरण आपल्या नागपुरासच घडलें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं सहा मंडळ्या मिळून तेथें उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. त्यांत तान्ह्यांस बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि जाणत्या वयाचा आग्रह धरणारे बाप्टिस्टहि होते. कोणीं कोणास लबाड ठरविलें नाहीं. दोन्ही रीति मान्य करून ते एका छताखालीं आले. अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी मात्र ऐन वेळीं बाहेर राहिली. ह्यांतून आम्ही असें शिकतों कीं, एकीकरण सर्वांस साधेलच असें नाहीं. शेजारधर्म मात्र सर्वांस साधण्याजोगा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि तो बहुधा कुजबुजीनें बोलला जातो: “सहकार्याच्या नांवाखालीं आमच्या कळपांतलीं मेंढरें पळवितील.” ही भीति निराधार नाहीं. गेल्या शतकांपूर्वींहि मिशनांनीं आपसांत क्षेत्रें वांटून घेतलीं होतीं, तीं ह्याच भीतीपोटीं; आणि त्या सीमा मोडल्याच्या तक्रारीहि झाल्या. पण दार लावल्यानें ही भीति जात नाहीं. उघड वचनानें जाते. एकमेकांच्या सभासदांस फोडणार नाहीं, असें पाळकांनीं व धर्मगुरूंनीं एकत्र बसून लिहून द्यावें, म्हणजे शंकेस जागा उरणार नाहीं.

मराठी वाचकाच्या दृष्टीनें तर हा वाद केव्हांच निकालांत निघाला आहे. १६१६ सालीं ख्रिस्तपुराण छापणारा फादर स्टीफन्स जेझुइट होता. बायबलाचें भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई प्रॉटेस्टंट होत्या. सुबोध बायबल सिद्ध करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे कॅथलिक. रेव्हरंड टिळकांनीं तर १९१७ सालीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसहि जागा ठेविली. आमच्या घरच्या फडताळांत हे सर्व खांद्याला खांदा लावून उभे आहेत. ग्रंथांस जें साधलें तें ग्रंथ वाचणारांस साधूं नये काय?

आमचें मागणें थोडें आहे. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील सर्व मंडळ्यांनीं दफनाबाबत एक लेखी समजूत करावी: बाप्तिस्मा झालेल्या कोणाहि मृतास ज्या दफनभूमींत जागा असेल तेथें ती मिळेल, आणि स्वतःचा पाळक नसल्यास शेजारचा प्रार्थना म्हणेल. नवी जागा मागावयाची ती महानगरपालिकेकडे सर्वांनीं एकाच अर्जानें मागावी. मिश्र विवाहांत दोन्हीकडील धर्मगुरूंनीं त्या दोन घरांस एकत्र भेटावें. वधूवरांस निरोप्ये करूं नये. दरवर्षीं १८ ते २५ जानेवारीस ख्रैस्तैक्याचा प्रार्थनासप्ताह येतो. त्यांत एक संयुक्त उपासना होते, चहा होतो, छायाचित्र निघतें आणि मंडळी आपापल्या घरीं जातात. येत्या सप्ताहांत त्या चहापूर्वीं एवढी एक समजूत लिहून तिच्यावर सह्या व्हाव्यात. तत्त्वांचा वाद दुसऱ्या दिवसापासून खुशाल चालूं द्यावा. तो आम्हीहि आवडीनें ऐकूं.