गादीवरची बैठक आणि जबड्याचे दुखणे

बँकेच्या सेवेत असताना मार्चअखेरचा ताळमेळ जुळेपर्यंत रात्री उशिरापर्यंत खातेवह्यांवर मान घालून बसणे, हा आमचा शिरस्ताच होता. अशाच एका मार्चमध्ये माझा उजवा जबडा पार कानापर्यंत ठणकू लागला. दाढ किडली असावी असे गृहीत धरून ती काढून टाकण्याचा आग्रह मी दंतवैद्यांकडे धरला. क्ष-किरण तपासणीनंतर ते म्हणाले, "दाढ निरोगी आहे. आपण दिवसभर दात आवळून बसता, त्याचे हे दुखणे आहे." एक चांगली दाढ त्या दिवशी वाचली.

नगरच्या कापड बाजारात किंवा आडते बाजारात गादीवर बसलेल्या आपल्या बंधूंकडे पाहावे. पाठीला बाक, मान पुढे आणि खांदा उचलून कानाशी दाबलेला मोबाईल! मस्तकाचे वजन सुमारे ४ ते ५ किलो असते. ते पुढे कलले की मानेच्या स्नायूंवर भार येतो, आणि त्यांच्या साथीने जबड्याचे स्नायूही ताठरतात. त्यात व्यवहाराची चिंता असली, तर दात नकळत आवळले जातात.

वास्तविक दातांनी एकमेकांना टेकावे, ते केवळ चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात किंचित विलग आणि जीभ टाळूला हलकेच टेकलेली, हीच जबड्याची विश्रांती होय.

त्यासाठी पाठीशी लोड घ्यावा, वही किंवा संगणक उंच मेजावर ठेवावा, फोन हातात धरावा. दर अर्ध्या तासाने उठून खांदे फिरवावेत, हनुवटी सरळ मागे घ्यावी. जिभेचे टोक टाळूला लावून तोंड सावकाश पाच-सहा वेळा उघडावे, मात्र वेदना होईल इतके नव्हे. दुखऱ्या दिवसांत मऊ अन्न घ्यावे आणि कोमट कापडाने दहा मिनिटे शेकावे. जेवणानंतरची सुपारी तर कायमचीच सोडावी. तिने जबडा शिणतोच, शिवाय दीर्घकाळच्या सेवनाने तोंड उघडणेही कठीण होऊ शकते.

तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील किंवा जबडा अडकत असेल, तर दंतवैद्यांना अवश्य दाखवावे. जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

आज दुकान वाढवताना एकदा स्वतःला विचारावे: आपले दात या क्षणी एकमेकांवर दाबलेले आहेत का?