चहा सोडू नका, वेळ बदला

दसरा-दिवाळीच्या सुमारास केज तालुक्यातून ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांकडे निघतात. तिथे पहाटे कोपीत चूल पेटते आणि भाकरीसोबतच चहाही पोटात जातो. घोटाळा इथेच आहे. चहातील टॅनिन बाजरी, डाळ, पालेभाजीतील लोहाला धरून ठेवते. त्याचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. दूध घालून फारसा फरक पडत नाही. युन्नानचा महागडा, मुरवलेला पु-एर आणला तरी टॅनिन चुकत नाही.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. दोष एकट्या चहाचा नाही. अपुरा आहार, पाळीतला रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे ही कारणे मोठी आहेत. पण ताटातले थोडके लोह तरी अंगी लागायला हवे. थंडीत अंधारात उठणाऱ्या बाईला ‘चहा सोडा’ सांगणे सोपे, पण निरुपयोगी. चहा प्यावा, जेवणापासून तासभर दूर, पावडर कमी, उकळी थोडकी. भाकरीसोबत लिंबाची फोड घ्यावी, त्याने लोह चांगले शोषले जाते. आणि आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर तर मुळीच नको. ती पाण्याबरोबरच घ्यावी.